मेहल, पैरा आणि काकीची हळद

शेजाऱ्याच्या रानात मजुरी न घेता तुम्ही शेवटचं कधी राबलात? आणि माझ्या रानात राबायला या, असं शेजाऱ्याच्या दारात जाऊन तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?

पहिल्या प्रश्नाला लोक पटकन उत्तर देतात. कुणी लहानपणीची मळणी सांगतं, कुणी महापुरानंतरचा गाळ. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण चहाचा कप उचलतात. आमच्या पलूस तालुक्यात मी हे बऱ्याच जणांना विचारलं आहे. का विचारत सुटले, ते सांगायचं तर सुरुवात एका आयरिश शब्दापासून करावी लागेल, आणि त्याच्याही आधी आमच्या घरापासून.

आमचं घर पत्रकांचं. दादा, म्हणजे माझे वडील, सांगलीत एका छोट्या छापखान्यात काम करायचे. ऊसदराचं आंदोलन असो, पाण्याचं असो, अंगणवाडीच्या बायकांच्या मानधनाचं असो, पत्रक तिथंच छापलं जायचं आणि वाटायला आमच्या घरी यायचं. पिवळा कागद, गुलाबी कागद. आई घड्या घालायची, मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या शाळेच्या वह्यांना असत, त्यामुळे माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर ‘आता माघार नाही’ असं लिहिलेलं होतं. मला अक्षरओळख झाली ती ‘जाहीर’ या शब्दानं. आजही मी साधी चिठ्ठी लिहायला बसले तरी पहिली ओळ ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ अशी हाताला येते. मला त्याची लाज वाटत नाही. या भागात माणसाला माणूस म्हणून उभं करणाऱ्या बऱ्याच गोष्टी आधी अशा स्वस्त कागदावरच छापल्या गेल्या.

आमच्या समोरच्या घरात काकी राहतात. त्या नात्यानं कुणी नाहीत, पण गल्लीत सगळे त्यांना काकीच म्हणतात. नवरा फौजेतून पेन्शनवर आला आणि थोड्याच वर्षांत वारला. मुलगा विट्याकडच्या मामांबरोबर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तमिळनाडूत गेला आणि तिथंच स्थिरावला. मुलगी माझ्या वर्गातली, माझी जिवाची मैत्रीण. तिनं मिरजेत नर्सिंग केलं आणि चार वर्षांपूर्वी आयर्लंडला गेली. तिथल्या पश्चिमेच्या बाजूला एका लहान गावातल्या रुग्णालयात ती काम करते. गावी काकी आणि ओढ्याकाठचं दीड एकर रान.

मैत्रीण मला फोनवर बोलून ठेवलेले लांबलचक निरोप पाठवते. एकदा तिचा निरोप आला. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका नर्सच्या वडिलांना ऐन गवतकापणीच्या दिवसांत हृदयाचा झटका आला. तिकडं गवत वेळेत कापून मुरवत ठेवलं नाही, तर हिवाळ्यात जनावरांना खायला नसतं. शनिवारी सकाळी शेजारपाजारचे लोक आपापले ट्रॅक्टर घेऊन आले आणि त्यांनी सगळं गवत कापून नेऊन रचलं. माझी मैत्रीण त्यांना चहा द्यायला गेली होती.

“आणि याला इथं एक शब्द आहे बघ,” ती म्हणाली. “मेहल. आपला पैराच गं! मला एकदम आपल्या हळदीचं रान आठवलं. इथल्या उन्हाळ्यातल्या थंडीत मी रडले, ते बघून ती माणसं मला केक खायला घालायला लागली.”

मेहल. तो शब्द माझ्या डोक्यात बसला. लिहिताना त्यात मधे ‘ट’ आणि ‘ह’ची दोन्ही अक्षरं येतात, पण बोलताना ‘ट’ कुठंच ऐकू येत नाही, नुसता श्वास उरतो. आमच्याकडची माणसं तर तोही गाळतील. ‘तुम्ही’चं ‘तुमी’ करणाऱ्या जिभा या. काकींना सांगितला तेव्हा त्या सरळ ‘मेल’ म्हणाल्या.

मग मी तो शब्द खोदायला घेतला. मैत्रिणीच्या वॉर्डात एक निवृत्त शिक्षक होते, पाय मोडून पडलेले आणि बोलायला कुणी न मिळालेले. त्यांच्याकडून ती विचारून सांगायची, आणि मी इंटरनेटवरच्या कोशात पडताळून बघायची. शब्दाचं जुनं रूप फार जुन्या आयरिशमधलं आहे, आणि तिथं त्याचा अर्थ आहे कापणी करणाऱ्यांची टोळी. शेजारच्या वेल्श भाषेत त्याचा सख्खा भाऊ सापडतो, तोही कापणीवाल्यांचाच. लॅटिनमध्ये पीक कापण्याचं जे क्रियापद आहे, तेही याच मुळाचं. म्हणजे शब्द जन्मला तो विळा हातात घेऊन. पुढं कापणीपुरता न राहता तो कुठल्याही सामाईक कामाला लागू झाला: गवत, इंधनासाठी दलदलीतली माती कापणं, मळणी, एखाद्याचं छप्पर. आता म्हणे सरकारी कचेरीत कामासाठी गट नेमला, तरी त्यालाही मेहल म्हणतात. मला ते ऐकून थोडं वाईट वाटलं. कचेऱ्यांना सगळेच चांगले शब्द लागतात.

व्याकरण मात्र मजेचं निघालं. आयरिशमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग, दोनच. नपुंसकलिंग होतं, ते केव्हाच गेलं. मेहल स्त्रीलिंगी आहे, ती मेहल. आणि ‘ती अमुक मेहल’ असं ठरवून सांगायचं झालं, तर पुढं ‘अन’ हा लहान शब्द येतो आणि त्याच्यामुळं मूळ शब्दाचं पहिलं अक्षरच मऊ पडतं. ‘म’चा ‘व’ होतो: अन वेहल. आपल्याकडं अशाच सामाईक कामाच्या शब्दांना प्रत्यय लागला की त्यांची शेपटी बदलते, इर्जिकीला, सावडीनं, पैऱ्यावर. त्यांच्याकडं तोंडही बदलतं. मालकी दाखवताना मधला स्वर गळून ‘मेह्ले’ होतं आणि अनेक झाल्या की ‘मेह्लाखा’. शिक्षकांनी मैत्रिणीकडून हे पाठ करून घेतलं आणि चुकली की गोळी घ्यायला नकार दिला.

माझ्या आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिथं इर्जिक म्हणतात. घरचं मोठं काम अडलं की एक दिवस ठरवायचा, लोक बैल, नांगर, जे असेल ते घेऊन येतात आणि घरधनी सगळ्यांना पोटभर जेवायला घालतो. आमच्याकडं पैरा. मी आज तुझ्या रानात, तू उद्या माझ्या. कुठं सावड म्हणतात. या शब्दांची मुळं कुठली, ते मला कोशात नीट सापडलं नाही. परक्या शब्दाचं हजार वर्षांचं खानदान एका दुपारी कळलं आणि घरच्या शब्दाचं काही कळेना, याचा मला राग आला. तो अजून आहे.

हे सगळं चाललेलं असताना जानेवारीत काकी गोठ्यात पाय घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. मिरजेला नेऊन प्लास्टर घातलं. हळदीचा पाला आधीच कापून झालेला होता, ट्रॅक्टरवाला ठरल्याप्रमाणे येऊन रान उकरून गेला आणि सगळी हळद मातीसकट उघड्यावर पडली. आता ती वेचायची, गड्डे आणि हळकुंडं मोडून वेगळी करायची आणि लगेच शिजवायला न्यायची. उन्हात पडून राहिली की सुरकुतते, मग शिजली तरी तिला दर नाही. ठरलेल्या बायकांची टोळी द्राक्षाच्या कामाला गेली होती, दुसरी मिळेना.

मुलाचा तमिळनाडूहून फोन आला. तो वाईट माणूस नाही, पण फोनवर त्याचा आवाज मोठा होतो.

“आई, बास झालं आता. रविवारी येतो. रान खंडानं कुणाला तरी कसायला देऊन टाकू आणि तू चल माझ्याबरोबर.”

“आन् हळद?”

“जाऊ दे हळद! हात गेला, आता डोकं फोडून घेणार हायस का?”

काकींनी फोन ठेवला आणि डाव्या हातानं पदर सारखा करत त्या मला म्हणाल्या, “तिथं मला भाजीवालीशी पण बोलता येत न्हाई गं. गेल्या बारीला महिनाभर गॅलरीत बसले हुते, कुंडीवानी.”

इतकंच. पण त्या आठवड्यात काय पणाला लागलं होतं, ते मला समजलं. हळद निघाली तर काकी अजून इथल्या. पडून सडली तर रविवारी त्यांचं गाठोडं बांधलं जाणार.

मी काय केलं असेल? पत्रक काढलं.

दादांनी आता छापखाना सोडला आहे, पण मालक ओळखीचा. संध्याकाळपर्यंत पिवळ्या कागदावर पत्रक तयार. वर ठळक: ‘हळद उत्पादकांनो, एक व्हा!’ खाली मी मेहलचा अर्थ लिहिला, पैऱ्याचा लिहिला, मजुरीच्या बाजारानं माणसाला माणसापासून कसं तोडलं ते लिहिलं. आजही तो परिच्छेद मला चांगला वाटतो. मग ‘शुक्रवारी सकाळी नऊ वाजता बहुसंख्येने उपस्थित राहा’, आणि अगदी तळाला, उरलेल्या जागेत बारीक अक्षरात, ‘ओढ्याकाठी काकींच्या रानात’. गावात घरोघरी टाकलं, दुधाच्या डेअरीवर चिकटवलं. काकींना मी दाखवलं नाही, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि मला वाटलं एकदम आनंदाचा धक्का देऊ.

शुक्रवारी सकाळी रानात मी, आई आणि बांधावर बसलेल्या काकी. बाकी हळदीवर बसलेले बगळे. नऊ वाजले, साडेनऊ झाले. आई पाटी घेऊन वेचायला बसली. मी पण बसले. मनातल्या मनात मी पुढचं पत्रक लिहीत होते, ‘निद्रिस्त समाजास’ अशा मथळ्याचं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गावातले एक सुतारचाचा, खिडक्या-दारं करणारे, आमच्या प्रत्येक आंदोलनाला हजर असणारे.

“अगं पोरी, हायस कुठं तू? लोकं खोळंबली हायत!”

“मी रानात हाय चाचा. तुमी कुठं हाय?”

“कुठं म्हंजी? तहसीलपाशी! पलूसला! टेम्पो भरून आलोय आमी. साहेब पण बाहेर येऊन इचारून गेले, ‘निवेदन कुठंय’ म्हणून. मी म्हणलं, निवेदनवाली यायचीय.”

मला आधी काही कळेना. मग आई हसायला लागली. ती इतकी हसली की तिला पाटी बाजूला ठेवावी लागली. आमच्या घरातून पिवळा कागद निघाला की तालुक्याला मोर्चा, ही गोष्ट या गावाच्या अंगवळणी पडली होती. मथळा वाचला, वार वाचला, वेळ वाचली आणि माणसं कपडे घालून टेम्पोत बसली. तळाची ओळ वाचायची कुणाला गरजच वाटली नव्हती. वीस वर्षं ती ओळ एकच होती, ‘तहसील कचेरीसमोर’.

तासाभरात टेम्पो ओढ्यावर आला. उतरली ती माणसं मोर्चाच्या पोशाखात. इस्त्रीचे पांढरे शर्ट, टोप्या, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून. सुट्टीवर आलेला एक जवान तर गॉगल लावून आला होता. हातात खुरपं कुणाच्याच नाही. एकाकडं झेंडा होता.

आणि सगळे बांधावर थांबले. आत कुणी शिरेना.

मी हात केला. “या की!”

कुणी हललं नाही. सुतारचाचांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि काकींच्या दिशेनं हनुवटी केली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं दुसऱ्याच्या रानात कामाला पाऊल टाकायचं, तर रानाच्या धन्यानं तोंडानं बोलवावं लागतं. न बोलावता शिरलं तर ती मदत होत नाही, कीव होते, आणि धन्याचा अपमान होतो. बोलावण्याचं काम शेजारच्या मुलीनं करून चालत नाही. कागदानं तर नाहीच.

काकी उठून उभ्या राहिल्या होत्या. चेहरा लाल. कागदाचं एव्हाना त्यांना बांधावरच्या बायकांकडून कळलं होतं.

“माझ्या नावानं कागद काढलास व्हय गं? डेअरीवर चिकटवलास?”

“काकी, मी...”

“मी कुणाला काय मागितलं हुतं का?”

नव्हतंच मागितलं. का, तेही मला ठाऊक होतं. पैरा फेडायला घरात हात लागतात. मुलगा गेला, मुलगी गेली, तेव्हापासून काकींनी पैरा घेणंच बंद केलं. फेडता येणार नाही ते घ्यायचं नाही. म्हणून मजूर, म्हणून ही हळद अशी पडलेली.

सुतारचाचा बांधावरूनच बोलले. “आवं भाभी, आमी आलोय तर खरं. पन तुमी म्हणला तरच शिरू. न्हाई म्हणला तर टेम्पो हाय, परत तहसीलला जातो. साहेबाला सांगतो, निवेदन रद्द.”

लोक हसले. काकी हसल्या नाहीत. त्यांनी वाकून बांधालगतचा एक गड्डा डाव्या हातानं उचलला. जन्मात पहिल्यांदा मला कुठल्याच घोषणेची आठवण झाली नाही.

“मी फेडनार कशी?” त्या शेवटी म्हणाल्या. कुणा एकाला नव्हे, सगळ्यांनाच.

जवानाची आई पुढं आली. “माझ्या सुनंचं बाळंतपण हाय चैतात. एक हात मोडला म्हणून तोंड तर मोडलं न्हाई तुमचं. बाळाला तुमी बघायचं. लय रडकं निघनार हाय, बापावर गेलं तर.”

“आये!” गॉगलवाला म्हणाला.

“माझ्याकडं लोनच्याच्या कैऱ्या मे महिन्यात,” दुसरी म्हणाली. “मीठमसाला कवा किती ते तुमीच सांगायचं. मागल्या सालचं बुरशीनं गेलं.”

अशी एकेक घरं बोलत गेली, थट्टेथट्टेत. काकींनी पदर डोक्यावर घेतला. मग त्या म्हणाल्या, मोठ्यानं, “माझी हळद पडलीया. मला हात द्या. जेवान माझ्याकडं.”

सगळे एकदम आत शिरले. इस्त्रीच्या शर्टांनी. खुरपी गावातून मागवली, तोवर हातांनीच सुरुवात झाली. ओली हळद मोडली की तिचा रंग बोटांना बसतो आणि बोटांचा सगळ्या अंगाला. दुपारपर्यंत मोर्चाचे पांढरे शर्ट नवरदेवाच्या हळदीसारखे दिसायला लागले. सुतारचाचांनी झेंड्याची काठी काढून ताडपत्रीला आधार दिला. आईनं काकींच्या चुलीवर गव्हाची खीर आणि आमटी-भात केला. काकी शेजारी बसून तिच्या चुका काढत होत्या. आईला खीर साताऱ्याच्या पद्धतीनं घट्ट करायची होती, काकींना पातळ. खीर पातळ झाली.

दुसऱ्या दिवशीही निम्मे लोक आले, या वेळी जुने कपडे घालून. शनिवारी संध्याकाळी हळद शिजवायला गेली.

रविवारी मुलगा आला. अंगणात, गच्चीवर, आमच्याही गच्चीवर शिजवलेली हळद वाळत घातलेली. बॅग खाली ठेवायलाही जागा नव्हती. त्यानं जेवण झाल्यावर विषय काढला.

“आई, आवरलं का? परवाचं तिकीट काढलंय.”

काकींनी भांडी डाव्या हातानं सारली. “यायचं कसं रं? चैतात बाळंतपन हाय, मे म्हयन्यात लोनचं. चाचाच्या नातीचं लगीन. एवढ्या घरांचा पैरा अंगावर घेऊन गाव सोडून जाऊ? लोकं काय म्हणतील, हळद निघाली आन् म्हातारी पळाली?”

तो माझ्याकडं बघायला लागला, जणू हे मीच शिकवून ठेवलंय. मी शिकवलेलं नव्हतं. मी शिकवलेलं तहसीलदार कचेरीपाशी गेलं होतं.

त्यानं तिकीट रद्द केलं. राजीखुशीनं केलं असं मी म्हणणार नाही. रान या वर्षी खंडानं गेलेलं नाही, पुढच्या वर्षाचं अजून ठरलेलं नाही, आणि काकींचं मनगट ढगाळ हवेत दुखतं. पण त्या समोरच्या घरात आहेत. हे लिहिताना मला त्यांचा आवाज येतोय, जवानाच्या बाळाला त्या ओरडतायत.

मैत्रिणीला मी सगळं सांगितलं. तिनं ते शिक्षकांना सांगितलं. त्यांनी म्हणे फक्त एकच विचारलं, “पण बोलावलं त्यांनी स्वतःच ना?” तिकडंही तसंच असावं. किंवा म्हातारी माणसं सगळीकडं हेच विचारत असावीत.

मी पत्रकं सोडणार नाही. उसाच्या दराला, धरणाच्या पाण्याला पत्रकच लागतं, तिथं दार ठोठावून भागत नाही. पण ‘माणूस मिळत नाही’ अशी जी तक्रार आपण ओट्यावर बसून करतो, ती मला आता खरी वाटत नाही. टेम्पो भरून माणसं मिळाली होती, चुकीच्या ठिकाणी का होईना. अडलेलं होतं ते मागणं.

म्हणून वाचणाऱ्याला माझी विनंती आहे. या आठवड्यात एका शेजाऱ्याच्या दारात जा. मदत करायला नको, ते आपल्याला सोपं जातं. मागायला जा. जड कपाट सरकवायचं असेल, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं असेल, रानात काही पडलं असेल, जे अडलं असेल ते तुमच्या तोंडानं सांगा. पैशाचं बोलू नका. आणि त्यानं विचारलं, ‘मग आमच्याकडं कवा येणार?’ तर दिवस ठरवूनच परत फिरा.